मूळ प्रत कोणाकडे?

या लेखात तीन मजकूर वाचायचे आहेत. एक कायद्याचं कलम, एक सरकारी अर्जाला जोडायचा कागद आणि एक उच्च न्यायालयाचा निकाल. तिन्ही साहित्यात मोडत नाहीत आणि त्यांची परीक्षणं कुणी लिहीत नाही. पण ज्या मुलांचे आईवडील वेगळे राहतात त्यांच्या आयुष्यात या तीन मजकुरांची ढवळाढवळ कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त असते. म्हणून कादंबरी वाचतो तसेच ते वाचून पाहू. बोलतंय कोण, कोणाविषयी, आणि गप्प कोण आहे?

कादंबरीचं नाव निघालंच आहे तर मन्नू भंडारींची ‘आपका बंटी’ आठवते. पुस्तकरूपात ती १९७१ साली आली. वडील अजय बत्रा, आई शकुन. आई पुढे डॉ. जोशींशी लग्न करते, मुलगा मात्र बत्राच राहतो. वाचताना आपण त्या मुलाच्या एकटेपणानं हलून जातो. त्याचा जन्मदाखला कोणाच्या कपाटात असेल, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. त्या काळात पडायचं फारसं कारणही नव्हतं. आज पाचवीतल्या मुलाच्या नावावर जन्मदाखला, आधार, शाळेतला जनरल रजिस्टर नंबर, जातीचा दाखला, बँकेचं खातं आणि कधीकधी पासपोर्ट एवढे कागद असतात. आईवडील वेगळे झाले की भांडी, दागिने, गाडी यांची यादी होते. या कागदांची यादी क्वचितच कुणाला सुचते. ते ज्याच्या कपाटात असतात, त्याच्याकडेच राहतात.

कागदांचा नकाशा

मजकुरांकडे जाण्याआधी हे कागद कुठे कुठे पसरलेले असतात ते पाहू. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन शेजारी तालुके घेऊ, शिरूर आणि दौंड. शिरूर घोडनदीच्या काठी, नगर रस्त्यावर. तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी. दौंड भीमेच्या काठी. पुणे-सोलापूर लोहमार्गावरून मनमाडचा फाटा फुटतो ते जंक्शन. दोन तालुक्यांच्या मध्ये भीमा आहे, आणि ती ओलांडून सोयरिकी होत आल्या आहेत.

समजा, मुलगी शिरूरची आणि मुलगा दौंडचा. लग्न होऊन ती दौंडला गेली. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणून बाळाची नोंद शिरूर नगरपरिषदेच्या रजिस्टरात. तीन महिन्यांनी बाळ दौंडला आलं. तिथे आधार काढलं, मोबाइल नंबर वडिलांचा दिला. शाळेत नाव घातलं, जनरल रजिस्टरला नोंद दौंडच्या शाळेत. आठ वर्षांनी दोघांचं पटेनासं झालं आणि आई मुलाला घेऊन शिरूरला परत आली. रांजणगावला कंपनीत नोकरी धरली. आता एकाच मुलाचे कागद दोन गावांत आहेत, आणि त्यांची वाटणी भांडणाच्या कितीतरी आधी होऊन गेली आहे. कोणता कागद कुठे असेल, हे माहेर आणि सासर या दोन शब्दांनी ठरवून टाकलं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी माहिती अनेक ठिकाणी दिसत असली तरी आधी एकच गोष्ट विचारतात, की मूळ नोंद कुठे आहे? बाकी सगळ्या प्रती. हाच प्रश्न या कागदांना विचारला तर त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट उताऱ्यांचा. जन्मदाखल्याला घरात सगळे ‘ओरिजिनल’ म्हणतात, पण तो मूळ नव्हेच. मूळ आहे ते नगरपरिषदेचं किंवा ग्रामपंचायतीचं रजिस्टर, आणि घरातला कागद त्याचा उतारा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे फी भरून असा उतारा मागता येतो. म्हणजे दौंडच्या कपाटात दाखला अडकवून ठेवला तरी खरं काहीच अडकलेलं नसतं. त्यात २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून हाच एक कागद धरला जातो. त्यामुळे त्याचे दोन उतारे काढून दोन्ही घरांत ठेवणं हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरा गट एकदाच मिळणाऱ्या कागदांचा. शाळा सोडल्याचा दाखला त्यातला. हरवला तर दुसरी प्रत मिळते, पण तिच्यावर ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का येतो आणि त्याआधी बहुतेक शाळा प्रतिज्ञापत्र मागतात. इथे कपाटाला खरी किंमत येते. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) ही किंमत कमी करायचा प्रयत्न केला आहे. कलम ५ सांगतं की आठवीपर्यंतचं मूल दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवू नये.

तिसरा गट साखळीच्या कागदांचा, आणि तो सर्वांत अवघड. जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांना मुलाचे स्वतःचे कागद पुरत नाहीत. वडील, काका, आत्या, आजोबा, पणजोबा यांचे शाळेचे दाखले लागतात, कोतवाल बुकाची नक्कल लागते, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा हवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. यातलं जवळपास सगळं वडिलांच्या बाजूचं. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून आजोबांच्या दाखल्याला काय मोल आलं आहे, हे गावोगाव सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा वेळी शिरूरच्या आईला दौंडच्या सासऱ्यांच्या ट्रंकेपर्यंत पोहोचावंच लागतं. आंतरजातीय लग्नाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली थोडी वाट मोकळी केली. मूल वडिलांच्याच जातीचं असं गृहीत धरलं तरी ते आईच्या समाजात वाढलं असल्याचं सिद्ध करता येईल, असं न्यायालय म्हणालं. पण दोघे एकाच जातीचे असतील तर व्यवहारात वाट त्या ट्रंकेवरूनच जाते.

या तिन्ही गटांवरून आता एक किल्ली फिरते, ती म्हणजे मोबाइल नंबर. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. दौंडच्या फोनवर ओटीपी आला आणि फोन उचलला नाही, तर शिरूरला शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. नंबर बदलायचा तर मुलाला घेऊन आधार केंद्रात जाता येतं. हे काम होण्यासारखं आहे. पण त्या नंबरामुळे आपल्या हातात काय आहे, हे दोघांनाही भांडण पेटल्यावरच कळतं.

पहिला मजकूर: ‘नंतर’

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६. त्याचं कलम ६ अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक कोण ते सांगतं. मुलगा किंवा अविवाहित मुलगी यांच्या बाबतीत वडील, आणि त्यांच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं, असंही तेच कलम म्हणतं. म्हणजे सांभाळायचं आईनं, आणि सहीचा पहिला मान वडिलांचा.

सगळा खेळ ‘नंतर’ या एका शब्दात आहे. नंतर म्हणजे कधी? वडील वारल्यावर? १९८४ साली गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला पालक म्हणून अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही आणा असं उत्तर आलं. नवराबायकोत वाद नव्हता. दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. गीता हरिहरन कादंबरीकार आहेत, आणि त्यांच्या नावानं ओळखला जाणारा खटला एका शब्दाच्या अर्थावर लढला गेला हा योगायोग मला फार आवडतो. सोबत ऐकल्या गेलेल्या दुसऱ्या याचिकेत घटस्फोटाचा दावा चालू होता आणि मुलाचा ताबा वादात होता.

१७ फेब्रुवारी १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’ असं नव्हे, ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असं वाचावं. अनुपस्थिती अनेक प्रकारची असू शकते. वडील दूर असतील, आजारी असतील, मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करत असतील, किंवा दोघांच्या समजुतीनं आईच पाहत असेल.

वाचक म्हणून मला हे कौशल्याचं वाचन वाटतं. कलम रद्द न करता न्यायालयानं त्याला संविधानातल्या समतेच्या जवळ आणून बसवलं. पण त्याची किंमत आहे. शब्द जागच्या जागी राहिला. ‘अनुपस्थिती’ हा अर्थ स्वीकारला की आईला आपला हक्क दाखवण्यासाठी आधी वडील कसे हजर नाहीत ते दाखवावं लागतं. वेगळं झालेल्या घरात ही गोष्ट फार बोचते. दौंडचे वडील दर रविवारी मुलाला भेटत असतील, शाळेची फी भरत असतील, तर ते अनुपस्थित कसे? आणि ते उपस्थित आहेत म्हणून आईची सही दुय्यम का? मे २०१५ मध्ये विधी आयोगानं आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि वडील यांना एकाच पायरीवर ठेवा आणि संयुक्त ताब्याला कायद्यात जागा द्या, असं सुचवलं होतं.

मराठी नावाची घडण याच कलमासारखी आहे. मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. वडील मधोमध बसलेले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम बंधनकारक केला. आई आली, आणि वडिलांच्या आधी आली. पण हे १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. आज ज्यांचे कागद दोन गावांत अडकले आहेत, ती मुलं त्याआधीची आहेत.

दुसरा मजकूर: संमतीचा रकाना

मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालक तयार असतील तर ‘ॲनेक्शर डी’ भरायचं. एकाची संमती नसेल तर ‘ॲनेक्शर सी’. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं नियम सोपे केले. अशी जोडपत्रं साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं द्यायची, नोटरी नको, मॅजिस्ट्रेटचा शिक्का नको. आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालेल, अशीही सोय आली.

आता हा कागद कोण बोलतंय या दृष्टीनं वाचा. ‘मी’ म्हणजे अर्ज करणारा पालक. दुसरा पालक तृतीय पुरुषात. त्याची संमती का नाही, याचं कारण ‘मी’ सांगायचं. कोर्टानं मनाई केलेली नाही, हेही ‘मी’च सांगायचं, आणि त्याची जबाबदारी घ्यायची. मूल आहे, पण नुसतं नाव म्हणून. त्याला विचारलं का, या प्रश्नाला कागदावर जागा नाही.

तरीही रचनेच्या बाजूनं मी या कागदाचा बचाव करीन. दोघांपैकी एकाचं उत्तर येत नसेल तर थांबायचं की पुढे जायचं, हा प्रश्न आमच्या कामात रोजचा. या कागदानं पुढे जाण्याचा पर्याय निवडला. जो पुढे जाईल त्यानं लेखी जबाबदारी घ्यावी, एवढी अट घातली. नाही म्हणणाऱ्याला कायमचा नकाराधिकार दिला नाही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. ज्या वडिलांजवळ मूल राहत नाही (किंवा ज्या आईजवळ राहत नाही), त्यांच्या हातात पुष्कळदा एवढी एक सहीच उरलेली असते. निकालपत्रक दुसऱ्या घरी जातं, शाळेचे मेसेज दुसऱ्या फोनवर येतात. त्यात भीतीही खरी आहे. पालकानं परदेशी नेऊन ठेवलेलं मूल परत आणण्यासाठी १९८० चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि भारत त्यात सामील नाही. म्हणून सही अडवणारा प्रत्येक जण सूडानंच अडवतो असं धरून चालणं अन्यायाचं होईल. पण या भीतीसाठी कोर्ट आहे. अमुक काळ मुलाला देशाबाहेर नेऊ नये असा आदेश तिथे मागता येतो, आणि तिथे कारणं द्यावी लागतात. सही न करता गप्प बसायला मात्र कारण द्यावं लागत नाही. मला आक्षेपार्ह वाटतं ते हे गप्प बसणं, कारण त्याला खर्च येत नाही आणि त्याची किंमत मूल चुकवतं.

तिसरा मजकूर: ८ जानेवारी २०२५

नेमकं हेच पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात घडलं. शिरूर आणि दौंडचे अर्जही त्याच कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीची जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवड झाली होती. आईवडिलांचा घटस्फोटाचा दावा चालू. वडिलांची संमती नव्हती, म्हणून पासपोर्ट अडला. आईनं ॲनेक्शर सी दिलं होतं तरी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठानं दोन आठवड्यांत पासपोर्ट द्यायला सांगितलं. परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि आईवडिलांच्या वादामुळे मुलीचा हा हक्क हिरावला जाऊ शकत नाही, असं खंडपीठानं म्हटलं.

तीन मजकुरांपैकी फक्त इथे मूल वाक्याचा कर्ता झालं आहे. याचिका मुलीची आहे, आईमार्फत केलेली. अडवणूक झाली ती आईची नव्हे, मुलीची, असं निकाल सरळ म्हणतो. शब्दार्थाच्या कसरतीत तो शिरत नाही. ॲनेक्शर सी जसं लिहिलंय तसं वाचा, एवढंच तो कार्यालयाला सांगतो. कागदानं जो पर्याय आधीच दिला होता, तो खिडकीवर नाकारला गेला आणि उच्च न्यायालयातून परत मिळवावा लागला.

तरी एक खोच राहते. ही मुलगी हुशार होती, निवड झालेली होती, दौऱ्याची तारीख डोक्यावर होती. त्यामुळे अन्याय चटकन दिसला. ज्या मुलाची कुठेच निवड झालेली नाही, ज्याला मावशीकडे दुबईला सुट्टीत जायचं आहे, त्याचा हक्कही तेवढाच आहे. न्यायालयानं हक्क गुणांवर अवलंबून ठेवलेला नाही, आणि म्हणूनच पुढे वाचणाऱ्यांनी या निकालाला ‘हुशार मुलीची गोष्ट’ करू नये. तसा तो वाचला, तर खिडकीवरचा माणूस पुढच्या आईला विचारेल, तुमच्या मुलाला किती टक्के?

कागद कोणाचे?

तिन्ही मजकूर शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. वाद सहीचा आणि संमतीचा चालतो, मालकी गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात आईवडिलांपैकी कुणीच मालक नाही. पासपोर्ट अधिनियम, १९६७ चं कलम १७ सांगतं की पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. जन्माची मूळ नोंद नगरपरिषदेकडे, शाळेची शाळेकडे. घरातल्या फाइलला आपण मूळ समजतो आणि तिच्यावर बसून राहतो.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांविषयी कोर्ट आदेश देऊ शकतं, आणि शक्य तिथे मुलांच्या इच्छेला धरून. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दागिन्यांची आणि पोटगीची कलमं असतात, तसंच कागदांचंही एक घालता येईल. प्रत्येक कागदाचा उतारा किंवा साक्षांकित प्रत दोघांकडे. मूळ दाखला मूल जिथे शिकतं त्या घरी. आधारला नंबर मूल ज्याच्याजवळ राहतं त्याचा. जात पडताळणीसाठी वडिलांकडच्या कागदांच्या प्रती अमुक दिवसांत द्यायच्या, मागच्या-पुढच्या भांडणाशी त्याचा संबंध जोडायचा नाही. पासपोर्ट लागला तर सही करायची, हरकत असेल तर अमुक दिवसांत कारणासह कोर्टात सांगायची. आणि मूल मोठं असेल तर हे कलम त्याला वाचून दाखवायचं.

हे सगळं व्हायला वकील आणि तारखा लागतील. तोवर शिरूरच्या किंवा दौंडच्या नगरपरिषदेच्या खिडकीवर जन्माचा एक उतारा मागताना दोन मागायला फी सोडून काहीच लागत नाही.